‘परमेश्वराची इच्छा’ आणि स्त्रीची संमती : ‘जेन एअर’मधील विवाहप्रस्तावांचा पुनर्विचार

प्रस्तावना

लग्नाच्या गाठी स्वर्गात बांधलेल्या असतात, असे आपल्याकडे सर्व धर्मांचे लोक सहजपणे म्हणतात. या म्हणण्यात माणसाने करण्यासारखे फारसे काही उरत नाही. ख्रिस्ती श्रद्धेतील ईश्वरी मार्गदर्शनाची कल्पना वरवर पाहता याच जातीची वाटते. परंतु ती तशी नाही. गाठ बांधलेली असते, तर मार्गदर्शन मागावे लागते, ऐकावे लागते आणि ऐकल्यानंतर चालायचे की नाही हे माणसालाच ठरवावे लागते. जोडीदाराची निवड करताना देवावर विश्वास ठेवावा, हा उपदेश ख्रिस्ती घरांत आणि मंडळ्यांत वारंवार केला जातो. त्या उपदेशाबद्दल वाद असण्याचे कारण नाही. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. विवाहात दोन व्यक्ती असतात. त्यांपैकी एकीला देवाची वाणी ऐकू आली आणि दुसरीला आली नाही, तर काय करावयाचे? पहिलीने ऐकलेली वाणी दुसरीवर बंधनकारक ठरते काय?

हा प्रश्न केवळ धर्मशास्त्राचा नाही. ‘प्रार्थनेत उत्तर मिळाले आहे’ असे स्थळाकडून सांगितले गेले की मुलीला नकार देणे अवघड होते, कारण मग तो नकार मुलाला न राहता देवाला दिल्यासारखा होतो. शार्लट ब्रॉन्टे यांच्या ‘जेन एअर’ (१८४७) या कादंबरीने हा पेच ज्या नेमकेपणाने मांडला आहे, तितक्या नेमकेपणाने तो अन्य कोणत्या इंग्रजी कादंबरीने मांडला असेल असे वाटत नाही. या कादंबरीचा विचार बहुधा स्त्रीस्वातंत्र्याची किंवा प्रेमाची कथा म्हणून केला जातो. प्रस्तुत लेखात ती ईश्वरी मार्गदर्शनाविषयीची कादंबरी म्हणून वाचण्याचा प्रयत्न केला आहे. मात्र त्याआधी, ज्या शास्त्रभागाचा आधार या विषयात नेहमी घेतला जातो, तो पाहणे आवश्यक आहे.

विहिरीवरील प्रार्थना

उत्पत्तीच्या पुस्तकातील २४ वा अध्याय हा त्या पुस्तकातील सर्वांत मोठा अध्याय आहे. वृद्ध अब्राहाम आपल्या कारभाऱ्याला शपथ घालतो आणि इसहाकासाठी आपल्या नातलगांच्या देशातून वधू आणण्यास पाठवितो. कारभारी १० उंट घेऊन नाहोराच्या नगराबाहेर विहिरीपाशी थांबतो आणि प्रार्थना करतो की, मी पाणी मागितल्यावर जी मुलगी मला पाणी देईल आणि उंटांनाही पाजते म्हणेल, तीच नेमलेली असावी. प्रार्थना संपण्याच्या आतच रिबका येते. खांद्यावर घागर असते. पुढे मागितल्याप्रमाणेच सर्व घडते.

या कथेचा उपयोग बहुधा ‘देवाकडे चिन्ह मागा’ हे सांगण्यासाठी होतो. परंतु कारभाऱ्याने मागितलेले चिन्ह कोणते होते, हे नीट पाहिले पाहिजे. त्याने आकाशात तारा मागितला नाही किंवा विशिष्ट रंगाचे वस्त्र नेसलेली मुलगी मागितली नाही. प्रवासाने तहानलेल्या १० उंटांना घागरीने पाणी पाजणे हे घटकाभराचे काम नव्हे. अनोळखी, थकलेल्या माणसासाठी न सांगता एवढे कष्ट उपसण्याची जिची तयारी आहे, ती मुलगी त्याला हवी होती. म्हणजे चिन्ह हीच स्वभावाची परीक्षा होती. इतके होऊनही कारभारी लगेच निष्कर्षाला येत नाही. ती पाणी पाजत असताना तो गप्प राहून तिच्याकडे पाहत राहतो, असा उल्लेख २१ व्या वचनात आहे. प्रार्थनेचे उत्तर डोळ्यांसमोर घडत असतानाही निरीक्षण थांबलेले नाही.

दुसरी बाब अधिक महत्त्वाची आहे. मुलगी येण्यास राजी नसेल तर काय, असे कारभारी निघण्यापूर्वीच विचारतो आणि अब्राहाम उत्तर देतो की, तसे झाल्यास तू माझ्या शपथेतून मोकळा आहेस. देवाचा दूत तुझ्यापुढे जाईल, असे आधीच्याच वाक्यात सांगणारा हा माणूस आहे. तरीही मुलीचा नकार शक्य आहे, हे तो गृहीत धरतो. पुढे लाबान आणि बथुवेल हे ‘ही गोष्ट परमेश्वराकडून आली’ असे मान्य करून मोकळे होतात. त्यांच्या दृष्टीने विषय संपला आहे. पण दुसऱ्या दिवशी निघण्याची घाई होते तेव्हा मुलीला बोलावून विचारले जाते आणि ती ‘जाते’ म्हणते. हा प्रश्न तत्काळ निघण्याविषयीचा आहे, विवाहाविषयीचा नाही, असा आक्षेप घेता येईल आणि तो अगदीच निराधार नाही. तथापि अब्राहामाने घातलेली अट लक्षात घेता, रिबकेच्या होकाराशिवाय ही कथा पुढे सरकू शकत नाही, हे मान्य करावेच लागते. (इसहाकाला मात्र कोणीच काही विचारीत नाही. या कथेतील सर्वांत गप्प माणूस वरच आहे.)

आणखी एक. असे देवाने जुळविलेले लग्न पुढे निर्वेध सुखाचे झाले, असेही उत्पत्तीकार सांगत नाही. २० वर्षे मूल नाही, नंतर जुळ्या मुलांत आईबापांची वाटणी, आणि अखेर २७ व्या अध्यायात आंधळ्या झालेल्या नवऱ्याला फसविण्यासाठी धाकट्या मुलाच्या हातांना करडांची कातडी बांधणारी रिबका. मार्गदर्शन म्हणजे सुखाची हमी, हा समज निदान या कथेतून निघत नाही.

कौल आणि चिठ्ठी

चिन्हावर विसंबण्याची ओढ मात्र जुनी आहे. कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावण्याची प्रथा वाचकांना परिचित आहे. मूर्तीला लावलेली फुले किंवा पाकळ्या कोणत्या बाजूने पडतात, यावरून कार्याला अनुमती आहे की नाही हे ठरते. प्रोटेस्टंट इतिहासातही याला समांतर अशी उदाहरणे सापडतात. जर्मनीतील हेर्नहूट येथील मोरेव्हियन मंडळीत विवाहाचा प्रस्ताव चिठ्ठी काढून देवापुढे ठेवण्याची पद्धत १८ व्या शतकात रूढ होती. चिठ्ठी अनुकूल आली तरी संबंधित व्यक्तीला नकार देण्याची मुभा असे, ही तिची जमेची बाजू. १८१८ मध्ये बहुतांश मंडळ्यांसाठी ही सक्ती उठविण्यात आली.

या मोरेव्हियनांच्या प्रभावाखाली असतानाच मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी मार्च १७३७ मध्ये अमेरिकेतील सव्हाना येथे सोफिया हॉपकी हिच्याशी विवाह करावा किंवा नाही, हे ठरविण्यासाठी ३ चिठ्ठ्या केल्या. एकीत विवाह करावा, दुसरीत यंदा विचार करू नये, तिसरीत पुन्हा कधीच विचार करू नये, अशा आशयाचा मजकूर होता. तिसरी निघाली. वेस्लींनी ती देवाची आज्ञा मानली. काही दिवसांतच, १२ मार्च रोजी, सोफियाने विल्यम विल्यमसन याच्याशी लग्न केले. त्यानंतर वेस्लींनी तिला प्रभुभोजन नाकारले, प्रकरण न्यायालयात गेले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये त्यांना ती वसाहत सोडावी लागली. चिठ्ठीने जो प्रश्न मिटला असे वेस्लींना वाटले, तो त्यांच्या मनात मिटलेला नव्हता, एवढे यावरून उघड होते. शिवाय तिन्ही चिठ्ठ्यांत सोफियाच्या इच्छेला जागाच नव्हती. रिबकेला विचारणारे लोक वेस्लींपेक्षा कितीतरी शतके जुने होते!

दोन प्रस्ताव, एकच आधार

‘जेन एअर’कडे वळताना एक साम्य प्रथम नोंदविले पाहिजे. या कादंबरीत जेनपुढे दोन पुरुष विवाहाचा प्रस्ताव ठेवतात आणि दोघेही त्याला देवाची संमती असल्याचे सांगतात. समीक्षकांनी रॉचेस्टर आणि सेंट जॉन रिव्हर्स यांच्यातील विरोधावर भरपूर लिहिले आहे. एक उत्कट व एक थंड, एक ऐहिक व एक धार्मिक, अशी ती मांडणी असते. ती चुकीची नाही. पण हे साम्य तिच्यातून निसटते.

२३ व्या प्रकरणात थॉर्नफिल्डच्या बागेत रॉचेस्टर जेनला मागणी घालतो आणि आपण जे करीत आहोत त्याला आपल्या निर्मात्याची मान्यता आहे, असे स्वतःशीच पुटपुटतो. त्याची पत्नी बर्था त्याच घराच्या वरच्या मजल्यावर कोंडलेली आहे. त्याच रात्री वीज पडून बागेतील चेस्टनटचा वृक्ष दुभंगतो. चिन्हच पाहायचे असेल तर ते इतके ठळक आहे. परंतु ज्याला आपली इच्छा हीच देवाची इच्छा वाटू लागली आहे, त्याला ते दिसत नाही. जेनही त्या काळात स्वच्छ पाहू शकत नाही. रॉचेस्टर आपल्या आणि धर्मविचाराच्या मध्ये ग्रहणासारखा आला होता, ही तिची नंतरची कबुली आहे. विवाहाच्या वेदीपाशी रॉचेस्टरचे पहिले लग्न उघडकीस येते आणि जेन रिकाम्या हाताने ते घर सोडते. येथे तिला वाट दाखविणारी गोष्ट कोणतीही गूढ वाणी नाही. शांत मनाने जे नियम मानले ते वादळात मोडायचे नाहीत, एवढाच तिचा आधार आहे.

सेंट जॉनचा प्रस्ताव अधिक कठीण आहे, कारण तो खोटा नाही. हा तरुण धर्मोपदेशक लबाड नाही, विलासी नाही, कोणाला फसवीत नाही. रोझामंड ऑलिव्हरवर त्याचे प्रेम आहे. पण ती मिशनरीची पत्नी म्हणून टिकणार नाही, म्हणून त्याने ते प्रेम बाजूला सारले आहे. तो हिंदुस्थानात जाणार आहे. जेनकडून तो जर्मनचा अभ्यास सोडवून हिंदुस्थानी भाषेचा अभ्यास करवून घेतो. मग एके दिवशी टेकडीवर तो तिला सांगतो की, देवाने आणि निसर्गाने तिला मिशनरीच्या पत्नीपदासाठीच घडविले आहे. ती प्रेमासाठी नव्हे, श्रमासाठी निर्माण झाली आहे. जेन हिंदुस्थानात जायला तयार होते. बहीण म्हणून, सहकारी म्हणून, त्याच्याबरोबर काम करायला ती तयार आहे. पत्नी म्हणून मात्र नाही. तेव्हा सेंट जॉन म्हणतो की, हा नकार मला नव्हे, देवाला आहे.

कादंबरीचा खरा गाभा येथे आहे, असे माझे मत आहे. एम. ए.च्या वर्गात हे प्रकरण शिकविताना विद्यार्थिनी रॉचेस्टरच्या फसवणुकीपेक्षा या वाक्यावर अधिक थांबतात, असा माझा अनुभव आहे. फसवणूक ओळखता येते. प्रामाणिक माणूस देवाच्या नावाने आपली गरज पुढे करतो, तेव्हा ती ओळखणे अवघड जाते. सेंट जॉनला सेविका हवी आहे, ही गोष्ट त्याला स्वतःलाही दिसत नाही. त्याला केवळ आज्ञा दिसते. रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत तो प्रकटीकरणाचा २१ वा अध्याय वाचतो आणि भित्र्यांच्या वाट्याला येणाऱ्या अग्निसरोवराच्या वचनापाशी त्याचा रोख कोणाकडे आहे, हे जेनला बरोबर समजते. शास्त्रवाचन हेही दडपणाचे साधन होऊ शकते, हे एका धर्मगुरूच्या मुलीने लिहावे याला महत्त्व आहे.

१८४८ च्या डिसेंबरमध्ये ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’त एलिझाबेथ रिग्बी यांनी या कादंबरीला ख्रिस्तविरोधी ठरविले. आज हा अभिप्राय चमत्कारिक वाटतो. जेन सेंट जॉनच्या देवाला नाकारीत नाही. देवाचा मुखत्यार म्हणून उभा राहण्याचा सेंट जॉनचा अधिकार ती नाकारते. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ७ व्या अध्यायात विधवेच्या पुनर्विवाहाविषयी दिलेला निर्णय येथे आठवतो. तिला हवा त्याच्याशी तिने लग्न करावे, मात्र ते प्रभूमध्ये असावे, असा त्याचा आशय आहे. ‘हवा त्याच्याशी’ आणि ‘प्रभूमध्ये’ या दोन गोष्टी पौल एकाच वाक्यात ठेवतो. सेंट जॉन त्यांपैकी पहिली वगळतो. थॉर्नफिल्डचा रॉचेस्टर दुसरी.

जेनच्या नकाराला आर्थिक आधारही आहे, हे विसरता कामा नये. काकाच्या २०,००० पौंडांचा वारसा तिला मिळालेला आहे आणि तो तिने चौघांत समान वाटला आहे. ५,००० पौंड जवळ असलेल्या स्त्रीला विवेकाचा आवाज ऐकणे काहीसे सोपे जाते. लेखिकेने हे लपविलेले नाही. तिच्या स्वतःच्या आयुष्यात १८३९ साली मैत्रिणीचा भाऊ हेन्री नसी या धर्मोपदेशकाने पत्राने मागणी घातली होती आणि तिने ती नाकारली होती, तेव्हा तिच्याजवळ असा कोणताही वारसा नव्हता.

सेंट जॉन ज्या देशाकडे निघाला, त्या देशातील मराठी ख्रिस्ती साहित्यात हा प्रश्न वेगळ्याच रूपात उभा राहिला. ‘जेन एअर’नंतर १० वर्षांनी, १८५७ मध्ये, बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले. यमुनेला पहिला पती निवडण्याचा अवसर नव्हताच. निवडीचा प्रश्न तिच्यापुढे आला तो वैधव्यानंतर, ख्रिस्ती झाल्यावर. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त तर क्रम पूर्ण उलटा आहे. लहानपणीच झालेले लग्न, १८९५ मध्ये पतीचा बाप्तिस्मा, वियोग, आणि १९०० मध्ये लक्ष्मीबाईंचा स्वतःचा बाप्तिस्मा. येथे जोडीदार आधी आला आणि श्रद्धेची निवड नंतर. परंतु त्या निवडीसाठी लक्ष्मीबाईंनी स्वतःचा वेळ घेतला. पतीला जे दिसले ते आपल्याला दिसेपर्यंत त्यांनी ते आपले म्हटले नाही. मराठी ख्रिस्ती कुटुंबांच्या पहिल्या पिढीचा हा वारसा पुढच्या पिढ्यांच्या विवाहविषयक उपदेशांत फारसा आढळत नाही, याची खंत वाटते.

खिडकीबाहेरची हाक

आता त्या प्रसिद्ध प्रसंगाकडे. ३५ व्या प्रकरणाच्या अखेरीस सेंट जॉन धमकावणे सोडून मृदू होतो, जेनच्या मस्तकावर हात ठेवतो आणि ती जवळजवळ शरण जाते. मी तुमच्याशी लग्न करावे ही देवाची इच्छा आहे अशी माझी खात्री पटली, तर मी आत्ताच वचन देईन, असे ती म्हणते. शब्दांचा क्रम पाहण्यासारखा आहे. खात्री तिची पटली पाहिजे. मग ती मनातल्या मनात वाट दाखविण्याची प्रार्थना करते आणि दूरवरून तीन वेळा आपल्या नावाची हाक ऐकते. आवाज रॉचेस्टरचा असतो.

हा प्रसंग कच्चा आहे, असा आक्षेप अनेकदा घेतला गेला आहे आणि तो पूर्णपणे फेटाळता येत नाही. जेन थॉर्नफिल्डला पोहोचते तेव्हा घर जळून गेलेले आहे, बर्था मरण पावलेली आहे. ज्या अडथळ्यामुळे विवाह अशक्य होता, तो लेखिकेने परस्पर दूर केला आहे. बर्थाचा मृत्यू झाला नसता तर या हाकेचा अर्थ काय लावावा लागला असता, या प्रश्नाला कादंबरी सामोरी जात नाही. मार्गदर्शनाच्या पाठीशी कथानक इतक्या तत्परतेने उभे राहिले की वाचकाला संशय येतोच.

तथापि प्रार्थना आणि हाक यांनंतर जेन काय करते, हे पाहिले म्हणजे या प्रसंगाचा तोल लक्षात येतो. ती प्रथम सेंट जॉनला बाजूला होण्यास सांगते. आजवर तो आज्ञा देत होता, आता ती देते. मग ती खोलीत जाऊन एकटी प्रार्थना करते. ही प्रार्थना सेंट जॉनच्या पद्धतीची नव्हती, पण तिच्या परीने फलदायी होती, असे ती सांगते. आणि दुसऱ्या दिवशी ती विवाह करायला नव्हे, तर चौकशी करायला निघते. ३६ तासांचा प्रवास करून ती थॉर्नफिल्डला पोहोचते, तिथले भग्नावशेष पाहते, खाणावळीत विचारपूस करते. रिबकेकडे गप्पपणे पाहत राहणाऱ्या कारभाऱ्याशी तिचे हे वागणे जुळते. हाक आली म्हणून तपास अनावश्यक झाला, असे तिला वाटत नाही.

फर्नडीन येथे आंधळा, एक हात गमावलेला रॉचेस्टर तिला सांगतो की त्या सोमवारी मध्यरात्रीच्या सुमारास, देवापाशी आपल्या यातनांचा शेवट मागताना त्याच्या तोंडून तिचे नाव निघाले आणि तिचे उत्तरही आले. आता पुरावा पूर्ण झालेला आहे. दोन बाजूंनी दोन साक्षी जुळल्या आहेत. सेंट जॉनच्या हाती असा पुरावा असता तर त्याने तो पहिल्याच वाक्यात पुढे केला असता. जेन मात्र आपण ती हाक ऐकली होती, हे रॉचेस्टरला सांगत नाही. त्याच्या आधीच व्याकूळ मनावर या अद्भुताची अधिक गडद छाया पडू नये, असे कारण ती वाचकाला देते आणि ते आपल्यापाशीच ठेवते. रॉचेस्टर तिला पुन्हा मागणी घालतो ती या रहस्याच्या आधारावर नाही. आपले अंधत्व, आपले वय आणि आपला गमावलेला हात यांचा हिशेब तिच्यापुढे मांडून तो विचारतो, आणि ती तेवढ्याच साध्या शब्दांत हो म्हणते.